आधी रोटिफर, मग मासे

क्लाउनफिश या शोभेच्या समुद्री माशाची जोडी घरच्या टाकीत अंडी घालते, त्यात अवघड असं फार काही नाही. पाणी स्थिर असलं, जोडी जमलेली असली आणि पोटभर खायला मिळालं की ती घालतेच. कस लागतो तो अंडी फुटल्यावर. पिल्लू जेमतेम ३-४ मिलिमीटरचं असतं, अंगातली शिदोरी लगेच संपते, आणि त्याच्या तोंडात मावेल असं जिवंत खाणं पाण्यात तयार नसेल तर दोन-तीन दिवसांत सगळी पिल्लं जातात. म्हणून देवगडात कुणी “काका, जोडी कुठनं घेऊ?” असं विचारत आलं की मी आधी रोटिफरचा कॅन दाखवतो. हा महिनाभर जिवंत ठेवून दाखव, मग जोडीचं बोलू.

रोटिफर म्हणजे पिल्लांचं ते पहिलं जिवंत खाणं, पाव मिलिमीटरच्या आतबाहेरचा पाण्यातला जीव. पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा रिकामा कॅन घ्या, त्यात १५ लिटर खारं पाणी भरा. खारटपणा समुद्रापेक्षा थोडा कमी, २० ते २५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत २० ते २५ भाग मीठ. हवेच्या पंपाची नळी, टोकाला बुडबुडे बारीक करणारा हवेचा दगड न लावता, तशीच सोडा. बारीक फेसापेक्षा मोठे, सावकाश बुडबुडे बरे. खाणं म्हणजे नॅनोक्लोरोप्सिस शेवाळाचं हिरवं पाणी. कॅनमधला हिरवा रंग फिका पडला की भूक लागली समजायचं. रोज साधारण पाव भाग पाणी ५० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून रोटिफर काढायचे आणि तेवढंच ताजं खारं पाणी घालायचं. काढले नाहीत तर गर्दी होऊन सगळं कल्चर, म्हणजे कॅनमधली रोटिफरची पैदास, एका रात्रीत कोसळतं.

काचेचा ग्लास भरून उजेडासमोर धरा. पांढरी धूळ दिसेल, पण ती धूळ स्वतःहून गिरक्या घेत असते. भिंगाखाली मागच्या टोकाला एक-दोन अंडी चिकटलेली दिसली तर कल्चर सुखात आहे. वरती फेस साचला, वास मारू लागला की ते संपत आलंय. त्यासाठी दोन कॅन ठेवा, तेही वेगवेगळ्या खोल्यांत. शेवाळाच्या बरण्या त्याहून लांब ठेवा, आणि प्रत्येकाचा मग, नळी वेगळी. रोटिफरच्या मगातला एक थेंब शेवाळात पडला तर आठवड्याभरात हिरवं पाणी पारदर्शक होतं. मूळ कल्चर कुठे मिळेल, कसं टिकवावं, हे रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या माणसांना विचारा. या विषयाची जाण असलेली माणसं आपल्या किनाऱ्यावर तिथे भेटतात.

आता पाणी. समुद्र दाराशी आहे म्हणून बादली बुडवून आणलं, असं करू नका. बंदरातल्या पाण्यात डिझेल असतं, खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी मिसळतं. मी कुणकेश्वरच्या बाजूचं, भरतीच्या वेळचं पाणी आणतो. तिथला ओळखीचा रापणकर, किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार, मला पिंपं उतरवायच्या आधीच सांगतो, “आज नको, पाणी गढूळ आसा.” त्याचं ऐकलं की फायदाच होतो. पाऊस सुरू झाला की किनाऱ्याचं पाणी गोडं आणि गढूळ होतं, म्हणून मे महिन्यातच पावसाळ्याची बेगमी करायची. निळ्या पिंपांत, अंधारात, झाकून दोन-तीन आठवडे ठेवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी कापडातून गाळून घ्या. रिफ्रॅक्टोमीटरवर खारटपणा पाहिल्याशिवाय टाकीत थेंबही घालू नका. टाकीतलं पाणी उडून कमी होतं तेव्हा मात्र खारं नव्हे, आरओचं गोडं पाणी घालायचं; मीठ उडत नाही, मागे राहतं. तांब्या-पितळेचं भांडं यातल्या कुठल्याही कामाला चालत नाही, तांबं रोटिफरला मारतं.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. मोहोर आला की कलमांवर तुडतुड्यांसाठी फवारणी सुरू होते. त्यातली बरीच औषधं माशांना अत्यंत विषारी असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. त्या दिवसांत खिडक्या बंद ठेवा, बागेतून आल्यावर हात साबणाने धुऊन मगच टाकीला लावा. मच्छर अगरबत्तीही त्या खोलीत नको.

जोडीसाठी १०० लिटरची टाकी पुरते. ती आधी महिना-दीड महिना चालवा. अमोनिया आणि नायट्राइट ही माशांना विषारी द्रव्यं शून्यावर आली की मासे आणा. समुद्रात हे मासे ज्याच्या आसऱ्याला राहतात त्या समुद्रफुलाची (सी ॲनिमोन) गरज नाही, त्याच्याशिवायही ही जोडी सुखाने नांदते. प्रवाळ मात्र आणू नका, दगडासारखं प्रवाळ कायद्याने संरक्षित आहे. मासेही हॅचरीत वाढलेलेच घ्या. ओसेलॅरिस ही क्लाउनफिशची जात आपल्या देशात अंदमानच्या प्रवाळांत राहते. तिथून पकडून आणलेला मासा आपल्या टाकीत का असावा? ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात या माशांची हॅचरी उभी राहिली, म्हणजे समुद्राला हात न लावता हे होऊ शकतं.

एक लहान, एक मोठा असे दोन कोवळे मासे घ्या. यांच्यात सगळे आधी नर होतात आणि दोघांतला दांडगा पुढे मादी होतो. लहान मासा मोठ्यासमोर अंग थरथरवू लागला की जोडी जमली. वर्ष-दीड वर्ष धीर धरा. रोज दोन-तीनदा कोळंबी, माकूल, शिंपल्यातलं मांस बारीक चिरून, फ्रीजरमधलं, धुऊन द्या.

अंड्यांसाठी मंगळुरी कौलाचा तुकडा सगळ्यात छान. चुना-रंग नसलेला घ्या, उकळा, आणि जोडी रात्री जिथे झोपते तिथे काचेला टेकवून ठेवा. दोघं तोंडाने तो घासायला लागले की एक-दोन दिवसांत अंडी. पहिल्या खेपा ती स्वतःच खातात, त्याची चिंता नको. अंडी आधी नारिंगी, मग तपकिरी होतात, आणि शेवटी प्रत्येकात दोन चंदेरी डोळे चमकतात. २७-२८ अंशांना हे सात-आठ दिवसांत होतं. डोळे चंदेरी झाले की त्याच संध्याकाळी कौल पाण्यातल्या पाण्यात वाडग्यात धरून पिल्लांच्या टाकीत न्या. आजवर नर पंखांनी वारा घालत होता. आता ते काम कौलाच्या पायथ्याशी ठेवलेला हवेचा दगड करेल. पूर्ण अंधार करा. तास-दोन तासांत अंडी फुटतात. मग कौल काढा, बुडबुडे मंद करा.

ही टाकी २५-३० लिटरची, बाहेरून काळा कागद लावलेली, आई-बापांच्याच टाकीतल्या पाण्याने भरलेली असावी. तळ जेमतेम दिसेल इतकं हिरवं पाणी मिसळा, उजेड मंद ठेवा. दर मिलिलिटरला दहाएक रोटिफर हवेत. सिरिंजमध्ये एक मिलिलिटर घेऊन उजेडात मोजा, सकाळ-संध्याकाळ. तळचा गाळ बारीक नळीने ओढून काढा आणि अमोनिया रोज तपासा. नवं पाणी थेंबथेंब. पावसात वीज जातेच, बॅटरीवरचा पंप भरलेला ठेवा.

आठवड्याच्या सुमारास आर्टेमियाची, म्हणजे कोळंबीसारख्या एका बारीक खाऱ्या पाण्यातल्या जीवाची, अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं खायला थोडी थोडी सुरू करा. त्यांच्या अंड्यांची वर तरंगणारी टरफलं टाकीत जाऊ देऊ नका, आतडं तुंबतं. आठव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान माशांची पिल्लं तळाकडे येतात, माशासारखी पोहू लागतात, आणि डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो. तिथून पुढे मृत्यू झपाट्याने कमी होतात. रोटिफर हळूहळू बंद करून बारीक दाणे सुरू करा. तीन-चार महिन्यांची पिल्लं दुसऱ्याला देण्याजोगी होतात. देताना कल्ल्याचं झाकण नीट पाहा. ते आखूड राहिलं असेल तर ती पिल्लं घरीच ठेवा, पुढच्या जोडीसाठी कुणाला देऊ नका.