'द विचर ४' येईपर्यंत पीसीचं काय करावं?

अमळनेरहून भाच्याचा फोन आला. "मामा, मना कंप्युटरवर चाली का हो?" काय चालेल ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये 'द विचर ४' या व्हिडिओ गेमचा पहिला ट्रेलर आला, तेव्हापासून दर दोन महिन्यांनी हाच फोन येतो. या खेपेला मात्र नव्या ग्राफिक्स कार्डाचं कोटेशन त्याच्या हातात होतं आणि कापसाचे पैसे आले की वडील रक्कम देणार होते. मी म्हटलं, कोटेशन ठेव बाजूला. आधी कॅबिनेट उघड.

त्याला फोनवर जे तुकड्यातुकड्यांत सांगितलं, ते इथे क्रमाने लिहितोय.

१. वहीत दोन रकाने आखा

डावीकडे कंपनीने स्वतः सांगितलेलं, उजवीकडे आपल्या आशा. डावीकडे सध्या एवढंच बसतं: नायिका सिरी आहे. गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेडने स्वतःचं इंजिन (ज्यावर गेम उभा राहतो ते सॉफ्टवेअर) सोडून अनरियल इंजिन ५ घेतलंय. गेम २०२६ संपण्याआधी येणार नाही, असं गुंतवणूकदारांना सांगितलंय. आणि जून २०२५ मध्ये साध्या प्लेस्टेशन ५ या गेमच्या यंत्रावर, रे ट्रेसिंगसकट (म्हणजे प्रकाश-सावल्यांचा खऱ्यासारखा हिशेब), सेकंदाला ६० फ्रेमने चालणारा एक टेक डेमो दाखवला. त्यात गेममधल्या कोव्हिरचा डोंगराळ मुलूख होता, गजबजलेला बाजार होता, सिरीची केल्पी नावाची घोडी होती. पण तो तंत्राचा नमुना होता, तयार गेमचा तुकडा नव्हे. हे कंपनीनेच सांगितलं होतं. ऐकायला कोणाला वेळ होता?

भाच्याचा उजवा रकाना पान उलटून पुढे गेलाय. जाऊ दे, आशेला रॅम लागत नाही. फक्त त्या रकान्यावर पैसे खर्च करू नका.

त्या डेमोतून एक अंदाज मात्र मी बांधतो. गेमला प्लेस्टेशन ५ वर चालायचंच आहे आणि त्या यंत्रात सगळी मिळून १६ जीबी मेमरी आहे. म्हणजे त्या ताकदीच्या आसपासचं, रे ट्रेसिंग जमणारं कार्ड ज्याच्याकडे आहे, त्याने मीडियम सेटिंगची आशा सोडायचं कारण नाही.

२. आपल्याकडे काय आहे ते बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, 'परफॉर्मन्स'मध्ये जा. प्रोसेसरचं नाव, रॅम, कार्डाची 'डेडिकेटेड' मेमरी, आणि डिस्क एसएसडी (वेगवान) आहे की एचडीडी (जुनी, फिरणारी), हे चार आकडे-नावं वहीत उतरवा. पाच मिनिटांचं काम आहे.

३. रिक्वायरमेंटची यादी वाचायला आत्ताच शिका

'द विचर ४'ची पीसीची यादी अजून आलेली नाही. ती येईल तेव्हा 'मिनिमम'वर झडप घालण्याआधी बाजूचे बारीक शब्द वाचा: किती रिझोल्यूशनला, किती फ्रेमला, कोणत्या सेटिंगवर, आणि डीएलएसएस किंवा एफएसआर (छोटं चित्र मोठं करून फ्रेम वाढवणारी तंत्रं) चालू ठेवून की बंद. १०८० पी, लो, ३० फ्रेम असं लिहिलेलं 'मिनिमम' म्हणजे गेम उघडेल, एवढंच आश्वासन.

याच कंपनीची जुनी उदाहरणं बघा. 'विचर ३' २०१५ मध्ये आला तेव्हा किमान ६ जीबी रॅम आणि जीटीएक्स ६६० हे कार्ड पुरत होतं. 'सायबरपंक २०७७'ने डिसेंबर २०२० मध्ये ८ जीबी मागितले. २०२३ मध्ये त्याच गेमची यादी सुधारली तेव्हा किमान आकडा १२ जीबी रॅम आणि ६ जीबीच्या जीटीएक्स १०६० वर गेला, आणि एचडीडीला सरळ रजा मिळाली. गेम तोच, तीन वर्षांत यादी बदलली. अजून न आलेल्या गेमची यादी मनाने लिहून आज कार्ड घेणं म्हणजे पेरणीआधीच जिनिंगवाल्याशी भाव ठरवणं.

आणि एक जुनी गोष्ट. जून २०१८ मध्ये 'द एल्डर स्क्रोल्स ६'ची छोटीशी झलक दाखवली गेली. तेव्हा जीटीएक्स १०८० टीआय हे नाव काढलं की दुकानदार खुर्चीतून उठायचा. त्या झलकीच्या भरात कोणी ते घेतलं असेल, तर गेम आजही आलेला नाही आणि त्या कार्डात रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नाही. २०२५ ची 'डूम: द डार्क एजेस' त्याच्यावर सुरूच होत नाही.

थांबण्यातही तोटा होतो, हे मान्य. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि वाट बघणारे हात चोळत बसले. म्हणून ज्याच्याकडे आजही ८ जीबी रॅम आहे आणि रोजच अडतंय, त्याने १६ करून घ्यावी. ती विचरसाठी नव्हे, आजच्या कामासाठी. कार्ड मात्र यादी आल्यावरच.

४. त्याच इंजिनवरच्या गेमवर चाचणी घ्या

अनरियल ५ वर चालणारा एखादा मोठा गेम, उदाहरणार्थ २०२५ चा 'ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड', आपल्या मशीनवर चालवून बघा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मागता येतात. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर लावून कोपऱ्यात फ्रेम आणि तापमान दिसू द्या. गुहेत उभं राहून आकडा बघू नका. उघड्या माळावर घोडा दौडवा, मग गर्दीच्या शहरात शिरा. सरासरी ६० दिसत असून मध्येच झटके बसत असतील, तर दोष एकट्या कार्डाचा असेलच असं नाही. प्रोसेसर, जुनी डिस्क किंवा खुद्द इंजिनचा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करण्याचा उद्योगही त्यामागे असतो.

५. कॅबिनेट उघडा

कुठल्याच कंपनीच्या यादीत न येणारी रिक्वायरमेंट म्हणजे आपला मे महिना. साधा हिशेब आहे: खोलीत २५ अंश असताना कार्ड ७० वर राहत असेल, तर खोली ४२ झाली की तेच कार्ड ८७ च्या आसपास जातं. मग ते स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, आणि आपण म्हणतो कार्ड जुनं झालं.

माझ्याच मशीनचं सांगतो. घराजवळ जिनिंग आहे. गेल्या उन्हाळ्यात प्रोसेसरचा पंखा काढला तर खाली हीटसिंकच्या पात्या दिसेचनात. कापसाचा तंतू आणि धूळ मिळून राखाडी नमदा तयार झाला होता. नखाने कोपरा उचलला तर तो अख्खा, पंख्याच्या आकाराचा गोल होऊन हातात आला. पंखा एवढे महिने त्या गोधडीवर वारा घालत होता.

साफ करताना मशीन बंद करा, वायर काढा, कॅबिनेट अंगणात न्या. ब्लोअरने हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्युम क्लीनर लावू नका. त्याच्या स्थिर विजेने बोर्ड जाऊ शकतो. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवायचा मोह टाळा. ओलसर हवेत धूळ चिखलासारखी चिकटते, मग ब्लोअरही हरतो. भिंतीपासून वीतभर जागा सोडा. एवढं करूनही तापलं, तर आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम थोडे जातात, उष्णता बरीच जाते.

६. लाइटचा बंदोबस्त

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? मग अर्थिंग नाही. वायरमनला बोलवा, कार्डाचा विचार नंतर. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. आरटीएक्स ४०६० एकटं ११५ वॅट खातं, ते चालून जातं. आरटीएक्स ५०७० ला २५० लागतात, वर प्रोसेसर आणि मॉनिटर आहेतच. लाइट गेली की असा यूपीएस शिट्टीही पुरती न वाजवता बसतो. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर बरेचसे चांगले एसएमपीएस (पीसीचे पॉवर सप्लाय) त्यावर कुरकुरतात किंवा बंद पडतात. साइन वेव्हचा बघा.

७. डाउनलोडचा हिशेब

'बाल्डर्स गेट ३'ला १५० जीबी जागा लागते. विचरला तेवढी धरून चला. ४० एमबीपीएसच्या फायबरवर एवढं उतरायला सव्वाआठ तास, रोज २ जीबीच्या रिचार्जवर ७५ दिवस. गावातल्या एका मित्राकडे फायबर असेल तर त्याच्याकडे गेम उतरवा आणि आपलं मशीन तिथे न्या. दोघांनीही गेम घेतलेला असला की स्टीम एकाच नेटवर्कवरच्या मशीनवरून फाइल्स घेतं.

भाच्याने रविवारी फोटो पाठवला. कॅबिनेटच्या तळाशी पालीची दोन अंडी, एक करदोड्याचा तुकडा आणि मूठभर धूळ. खाली कोटेशनचा कागद पालथा घातलेला, त्यावर पेनाने लिहिलेलं: आधी ८८, नंतर ७९.