डेटाबेसमधल्या तारखा: ३१ तारखेच्या नोंदी कुठे जातात?

टेबल तयार आहे आणि फॉर्ममधून तारीख येते आहे, असं धरून चालतो.

आधी कॉलमचा प्रकार. 'सोपं पडतं' म्हणून तारीख व्हारचारमध्ये मजकूर म्हणून ठेवा, असा सल्ला अजूनही मिळतो. ऐकू नका. सॉर्टिंग मग अक्षरांवर होतं आणि ०५-११-२०२३ ही १२-०१-२०२१ च्या आधी येऊन बसते. जन्मतारखेसारखा नुसता दिवस हवा असेल तर डेट, नेमकी वेळ हवी असेल तर डेटटाइम, तोही यूटीसीत, म्हणजे जगभर एकच मानल्या जाणाऱ्या प्रमाण वेळेत. जन्मतारखेला वेळ चिकटवलीत, तर टाइमझोन बदलताना माणूस एक दिवस आधी जन्मतो. मायएसक्यूएल या डेटाबेसचा टाइमस्टँप (तारीख-वेळेचा आणखी एक प्रकार) १९ जानेवारी २०३८ ला संपतो, त्यामुळे लांबच्या मुदती त्यात नकोत. डेटाबेसला तारीख देताना क्रम वर्ष-महिना-दिवस. बस.

खरी मेख आहे फिल्टरमध्ये. माझ्या पहिल्या मासिक अहवालात दर महिन्याची बेरीज थोडी कमी यायची. दोन दिवस मी जॉइन (टेबलांची जोडणी) तपासत बसलो. दोष निघाला बिट्वीनमध्ये, म्हणजे 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशा अटीत. '२०२३-०१-०१' ते '२०२३-०१-३१' असं लिहिलं की डेटटाइम कॉलमशी तुलना करताना दुसरी तारीख ३१ जानेवारी ००:००:०० अशी धरली जाते. म्हणजे ३१ तारखेची सकाळी ९:४० ची नोंद बाहेर! चूक कुठे दिसत नाही, एरर येत नाही, फक्त आकडा कमी येतो.

यावर लगेच कोणीतरी सांगतं, शेवटी २३:५९:५९ जोडा. मीही जोडलं होतं. कॉलम सेकंदाचे अंश साठवत असेल तर २३:५९:५९.५ ची नोंद तरीही निसटते. .९९९ लावलंत तर एसक्यूएल सर्व्हरचा जुना डेटटाइम ते गोल करून थेट पुढच्या दिवसाचे ००:००:०० करतो. दुसरा उपाय म्हणजे कॉलमलाच डेट फंक्शनमध्ये गुंडाळणं. उत्तर बरोबर येतं, पण त्या कॉलमवरचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) सहसा निकामी होतो आणि टेबल मोठं झालं की क्वेरी रांगायला लागते.

मी आता एकच पद्धत वापरतो (नोंदवेळ हे कॉलमचं नाव):

नोंदवेळ >= '२०२३-०१-०१' अँड नोंदवेळ < '२०२३-०२-०१'

सुरुवात धरायची, शेवट पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आत ठेवायचा. फेब्रुवारी २८ चा की २९ चा, हा प्रश्नच उरत नाही. मात्र साठवण यूटीसीत असेल तर या दोन्ही कडा आधी वापरणाऱ्याच्या टाइमझोनमधल्या मध्यरात्री धरून यूटीसीत बदला, मगच तुलना करा. हे विसरलात तर महिन्याच्या दोन्ही टोकांच्या काही नोंदी शेजारच्या महिन्यात जातील. खात्री करायला तीन ओळी घाला: ३१ जानेवारी ००:००:००, त्याच दिवशी २३:५९:५९ आणि १ फेब्रुवारी ००:००:००. पहिल्या दोनच आल्या पाहिजेत.

फॉरमॅटिंग अगदी शेवटी, दाखवताना. मायएसक्यूएलच्या फॉरमॅटमध्ये मिनिटांसाठी 'आय' हे अक्षर लागतं, 'एम' नाही. ९:४० च्या जागी ९:०१ दिसलं तर मिनिटांत महिना घुसलाय असं समजा. आणि फॉरमॅट केलेल्या तारखेला मूळ कॉलमचंच नाव देऊ नका: ऑर्डर बाय (क्रम लावणारा भाग) तेच नाव उचलतो आणि मजकुराचं सॉर्टिंग मागच्या दाराने परत येतं.