हिवतापाचे आकडे वाचताना या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडे पाऊस उतरणीला लागला की मासिक सभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "यंदा हिवतापाचे रुग्ण कमी झाले." आरोग्यसेवक म्हणून मी बरीच वर्षं पाड्यापाड्यांवर फिरून रक्तनमुने घेतले. त्यामुळे हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काचपट्ट्या, म्हणजे तपासणीसाठी काचेवर घेतलेले रक्ताचे नमुने, किती घेतल्या?

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. समजा, गावाची लोकसंख्या 5,000 आहे. पहिल्या वर्षी 500 काचपट्ट्या तपासल्या, 10 जणांना हिवताप निघाला. दर हजारी 2 रुग्ण, म्हणजे एपीआय 2. दुसऱ्या वर्षी एक पद रिकामं राहिलं, काचपट्ट्या 200 वर आल्या आणि रुग्ण निघाले 6. एपीआय 1.2 वर उतरला आणि सभेत सगळ्यांना समाधान वाटलं. पण पहिल्या वर्षी शंभर काचपट्ट्यांमागे 2 दूषित होत्या, आता 3 आहेत. हिवताप कमी झाला असं म्हणायला इथे काहीच आधार नाही. तपासणी मात्र लोकसंख्येच्या 10 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आली. एपीआय, तपासणीचं प्रमाण आणि दूषित काचपट्ट्यांचं प्रमाण हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

न तपासलेली काचपट्टी "निगेटिव्ह" धरणं ही दुसरी चूक. एका श्रावणात नाल्याला पूर आला आणि माझं काचपट्ट्यांचं पुडकं चार दिवस घरातच राहिलं. सोडून पाहिलं तर जाड थरावरचं रक्त मुंग्यांनी खाल्लेलं, दोन काचांवरचे पेन्सिलीने लिहिलेले नंबर पुसलेले. त्या तापाच्या माणसांकडे मी परत गेलो, पुन्हा बोटं टोचली. अशा काचा रजिस्टरमध्ये वेगळ्या दाखवा आणि नमुना परत घ्या. रस्ता बंद होण्याची शक्यता असेल तिथे झटपट चाचणीची किट आधीच पोचवून ठेवा. मात्र फॅल्सिपेरम या हिवतापाच्या प्रकाराची झटपट चाचणी उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते. तेवढ्यावरून त्याच माणसाची दुसरा रुग्ण म्हणून नोंद करू नका. परत ताप आलाच, तर काचपट्टी पाहा.

नाशिकमध्ये खरी गफलत होते ती स्थलांतरामुळे. द्राक्षाच्या छाटणीला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर मुक्कामाला येतात. लोकसंख्या मोजली जाते गावाकडे आणि ताप येतो बागेतल्या झोपडीत. सातपूर-अंबडच्या बांधकामांवरही तेच होतं. दर हजारी काढताना माणसं एकीकडे धरली जातात आणि त्यांचा ताप दुसरीकडे. म्हणून प्रत्येक रुग्णाला विचारा: गेल्या महिनाभरात रात्री कुठे झोपत होतात? लागण इथली की बाहेरची, हे त्या उत्तरावर ठरतं आणि डासांच्या अळ्या कुठे शोधायच्या हेही. ही चौकशी मनापासून करा. मजुराला दम भरून विचारलं तर तो खरं सांगत नाही, दुसऱ्या दिवशी काम सोडून निघून जातो.

व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या प्रकारात परजीवी यकृतात दडून राहतात. त्यावरच्या प्रायमाक्विन गोळ्यांचा 14 दिवसांचा कोर्स अर्धवट सुटला, तर काही महिन्यांनी तोच ताप उलटतो. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि गोळ्या फडताळात पडून राहतात, हे मी घरोघर पाहिलं आहे. असा उलटलेला रुग्ण नवीन म्हणून मोजला गेला की डासांवरची फवारणी फसली असं वाटतं, आणि चूक शोधली जाते भलतीकडेच.

छोट्या गोष्टीही सांभाळा. ऑगस्टची तुलना मेशी करू नका, गेल्या वर्षीच्या ऑगस्टशी करा. 400 वस्तीच्या पाड्यावर एक रुग्ण निघाला तरी एपीआय 2.5 होतो, तिथे तीन-चार वर्षं एकत्र पाहा. खाजगी दवाखान्यातले निदान झालेले रुग्णही मोजणीत आणा. तपासणी न करता गोळ्या दिलेला ताप मात्र हिवताप म्हणून धरू नका.

राहिलं शून्य. मलेरियामुक्त असं प्रमाणपत्र द्यायला जागतिक आरोग्य संघटना सलग किमान तीन वर्षं एकही स्थानिक रुग्ण नसल्याचा पुरावा मागते, आणि रुग्णांचा शोध जारी असल्याचाही. श्रीलंकेला ते 2016 मध्ये मिळालं. भारताचं उद्दिष्ट 2030 चं आहे. तेव्हा एखाद्या पाड्यापुढे शून्य दिसलं, तर शेजारचा रकाना वाचा. तिथे काचपट्ट्याही शून्य असतील, तर उद्याच्या फिरतीत पहिला तोच पाडा घ्या.