फायटरला सोबती देताना: बेटा मासा कम्युनिटी टँकमध्ये कसा ठेवावा

फायटर एकटाच ठेवायचा असतो, असं पुण्यातल्या बहुतेक दुकानांत सांगतात. यातलं ‘एकटाच’ अर्धं खरं आहे. दोन नर फायटर एका टाकीत कधीही ठेवायचे नाहीत, यावर वाद नाही. मात्र नराचं वैर मुख्यतः दुसऱ्या नराशी असतं, किंवा झुपकेदार शेपटीमुळे जो त्याला दुसरा नर वाटतो त्याच्याशी. तळाशी वाळू उकरत फिरणाऱ्या बुटक्या कॉरिडोरासशी त्याला सहसा काही देणंघेणं नसतं.

गोम आहे ती क्रमात. भरलेल्या टाकीत जरा रंग हवा म्हणून फायटर आणून सोडला, की एकतर तो बाकीच्यांना पळवतो, नाहीतर बाकीचे त्याची शेपूट कुरतडतात. म्हणून टाकी फायटरच्या सोयीने लावायची, सोबती त्याला मानवतील असे निवडायचे आणि त्याला स्वतःला सगळ्यांत शेवटी आणायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

१. टाकी

हा मूळचा थायलंडकडचा मासा. भातखाचरं, दलदल, झाडोऱ्याने भरलेली उथळ डबकी हे त्याचं घर. (थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं.) अशा कमी प्राणवायूच्या पाण्यात तगण्यासाठी त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, लॅबिरिंथ नावाचं जादा श्वसनेंद्रिय असतं. त्यामुळे तो अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. टाकी फार उंच असेल तर जड शेपूट ओढत दर वेळी वर येण्यात तो दमून जातो. लांब आणि बुटकी टाकी त्याला चांगली.

एकट्या फायटरला १५ ते २० लिटर पुरतात. सोबती हवे असतील तर निदान दोन फुटी टाकी घ्या: २४ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच. काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण ५६ लिटर मावतात, पण ती १० इंचांपर्यंतच भरायची. वरची दोन इंच हवा त्याच्या श्वासासाठी. झाकण हवंच, कारण हा मासा उडी मारतो आणि उघड्या टाकीतला फायटर एखाद्या सकाळी फरशीवर सापडतो.

फिल्टर साधा स्पंजचा घ्या, एअर पंपावर चालणारा. ‘पॉवरफुल’ म्हणून गळ्यात मारतात त्या फिल्टरच्या धारेत लांब परांचा मासा पाचोळ्यासारखा भिरकावला जातो. तसा फिल्टर घरात असेलच, तर त्याच्या तोंडाशी स्पंजचा तुकडा बसवून धार मोडा. ५० वॉटचा हीटर आणि थर्मामीटर लागेल. तळाला बारीक, गोलसर वाळू घाला. खरखरीत खड्यांवर कॉरिडोरासच्या मिशा झिजतात.

झाडांत कंजुषी करू नका. जावा फर्न आणि अनुबियास दगडाला दोऱ्याने बांधा, त्यांचं आडवं जाड खोड वाळूत पुरलं तर कुजतं. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया, वर थोडं तरंगणारं सॅल्व्हिनिया. दाट झाडीमुळे माशांना एकमेकांच्या नजरेआड होता येतं आणि निम्मी भांडणं तिथेच मिटतात. प्लास्टिकची झाडं वापरणार असाल तर जॉर्जेटच्या जुन्या ओढणीचा तुकडा पानांवरून ओढून बघा. धागा अडकला तर त्याची शेपूटही अडकेल.

देशी बदामाची पानं दुकानात पाकिटातून विकत मिळतात, पण पुण्यात शाळांच्या आवारात आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यात हे झाड पुष्कळ आहे. रहदारीच्या रस्त्यालगतची आणि फवारणी होते तिथली पानं सोडून, आपोआप गळलेली आणि पूर्ण वाळलेली पानं आणा, धुऊन एक-दोन टाकीत सोडा. पाणी चहासारखं तांबूस होतं. त्यातली टॅनिनं फायटरला मानवतात. ज्यांना काचेसारखं स्वच्छ पाणी हवं असतं त्यांना हा रंग आवडत नाही. माशाला मात्र आवडतो.

२. पाणी

महापालिकेचं खडकवासल्याहून येणारं पाणी मृदू असतं आणि फायटरला चालतं. अडचण क्लोरिनची. बाटलीवरच्या प्रमाणात अँटीक्लोरिन घाला, किंवा बादल्या भरून २४ तास उघड्या ठेवा.

वाघोली, उंड्रीकडच्या ज्या सोसायट्या टँकर आणि बोअरवर चालतात तिथे गोष्ट वेगळी. नळाच्या तोटीवर पांढरा थर धरत असेल तर पाण्यात क्षार भरपूर आहेत. अशा वेळी घरच्या आरओ यंत्राचं शुद्ध पाणी निम्म्याने मिसळा. यंत्रातून वाया जाणारं पाणी घेऊ नका, त्यात क्षार उलट जास्त असतात. सामू (पीएच) ६.५ ते ७.५ दरम्यान असेल तर त्याला हात लावायचा नाही. औषधं घालून तो आज वर, उद्या खाली करत बसण्यापेक्षा स्थिर राहिलेला थोडा जास्त सामू माशांना परवडतो.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. वार निवडताना पुणेकराने गुरुवार आणि शुक्रवार टाळावेत. ‘गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने’ ही सूचना आपल्याला पाठच आहे, आणि बंदनंतर येणारं पहिलं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं. एक झाकलेली बादली कायम भरून ठेवली की ही चिंताच उरत नाही.

३. जिवाणू आधी, मासे नंतर

ही पायरी गाळावीशी वाटते आणि नवीन टाकीत मासे मरतात ते बहुतांशी इथेच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी. नायट्रेट बरंच सौम्य, आणि ते आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. हे जिवाणू स्पंजमध्ये आणि वाळूत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. फिल्टर आणि हीटर चालू ठेवून रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाका, ते कुजून जिवाणूंना अन्न मिळतं. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर काम लवकर होतं. थेंबांच्या चाचणी किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि थोडं नायट्रेट दिसलं की टाकी तयार.

४. सोबती निवडणं

तीन गोष्टी बघायच्या: शेपूट साधी असावी, स्वभाव कुरतडणारा नसावा, आणि २५ ते २७ अंशांचं पाणी मानवावं.

तळासाठी कॉरिडोरास उत्तम. सहा तरी घ्या, एकेकटे ते भेदरून राहतात. त्यांच्यात स्टर्बाय ही जात उबदार पाणी सर्वांत चांगलं सोसते. किंवा कुली लोच, तेही पाच-सहा. मधल्या थरासाठी हार्लेक्विन रासबोरा ही माझी पहिली पसंती. मासा आग्नेय आशियातलाच, थव्याने फिरणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आठ पुरेत. एम्बर टेट्राही चालतात. निऑन टेट्रा सगळीकडे मिळतात आणि बऱ्याच जणांकडे फायटरसोबत नांदतातही, पण त्यांना थोडं थंड पाणी लागतं, म्हणून मी त्यांना दुसऱ्या फळीत ठेवीन. नेराइट गोगलगाय काच साफ ठेवते. चेरी कोळंबी घालायची तर ती खाऊ म्हणून जाऊ शकते, ही तयारी ठेवून घाला.

दोन फुटी टाकीत एक फायटर, एक तळचा गट आणि एक मधला थवा, इतकंच. तिसरा गट नको.

नको त्यांची यादी मोठी आहे. टायगर बार्ब, ब्लॅक विडो आणि सिरपे टेट्रा हे शेपूट कुरतडण्यात पटाईत. नर गप्पी रंगीत पंख्यासारखी शेपूट मिरवतो आणि फायटर त्याला प्रतिस्पर्धी समजतो. गुरामी तर त्याचेच भाऊबंद, तितकेच हद्दीचे पक्के. एंजल मोठे होऊन दादागिरी करतात. गोल्डफिशला थंड पाणी आणि फार मोठी टाकी लागते. मॉलीला क्षारांचं पाणी हवं. आणि ‘काच साफ करतो, घेऊन जा’ म्हणून हातात ठेवतात तो सकर मासा फूटभराहून मोठा होतो. दोन फुटी टाकीत त्याचं कामच नाही.

५. आणण्याचा क्रम

टाकी तयार झाल्यावर आधी तळचे मासे, आठ-दहा दिवसांनी मधला थवा. प्रत्येक खेप शक्यतो दोन आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवून मग मुख्य टाकीत सोडा, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घरात शिरत नाही. हे सगळे खाऊ-पिऊ लागले, त्यांच्या जागा ठरल्या, की मग फायटर. तो आधी असेल तर सबंध टाकी त्याची हद्द होते आणि नंतर येणारा प्रत्येक मासा घुसखोर ठरतो.

दुकानात रंगाआधी वागणूक बघा. ग्लासाजवळ बोट नेल्यावर कल्ले फुगवून पुढे येणारा आणि थोड्या वेळाने शांत होणारा मासा निवडा. अजिबात न हलणारा आजारी असू शकतो. शेजारच्या ग्लासावर सतत धडका देणारा सोबत्यांत रमण्याची शक्यता कमी. पर मिटलेले नसावेत, पोट फुगलेलं नसावं. लांब परांचा नर हळू पोहतो, त्यामुळे कुणाचा पाठलाग कमी करतो. आखूड परांचा प्लकाट चपळ असतो. रंगाचा हट्ट नसेल तर एकटी मादी घ्या. ती बहुधा जास्त जुळवून घेते. मात्र एवढ्या टाकीत अनेक माद्या एकत्र ठेवू नका, त्याही भांडतात.

सोडण्याआधी टाकीतले दोन-तीन दगड आणि झाडं हलवा, म्हणजे जुन्यांच्या ठरलेल्या जागाही मोडतात. दिवा बंद करा. पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग अर्ध्या तासात थोडं थोडं टाकीतलं पाणी तिच्यात घाला. शेवटी मासा जाळीने उचलून सोडा. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका.

६. पहिले काही दिवस

नव्या जागी कल्ले फुगवणं, एखादा झटका मारून मागे फिरणं, हे चालायचंच. काळजी कधी करायची? तो कुणाच्या तरी मागे थांबतच नसेल, कुणाचे पर फाटले असतील, किंवा तोच हीटरमागे दडून खाणं सोडत असेल तेव्हा. रात्री दिवा गेल्यावरही एकदा टॉर्चने बघा. शेपटीचे कुरतडलेले काठ कधी कधी रात्रीच्या उद्योगांतूनही आलेले असतात.

खाऊ घालताना आधी फायटरला एका कोपऱ्यात वर तरंगणारे दोन-तीन दाणे, सकाळ-संध्याकाळ. तो गुंतला की बाकीच्यांचं बुडणारं खाद्य दुसऱ्या टोकाला टाका. त्याचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढंच असतं, असं सांगतात. ते शब्दशः घेऊ नका, पण दाणे मोजूनच घाला. आठवड्यातून एक दिवस उपास चालतो. दिवाळीत चार दिवस गावी गेलात तर सुदृढ मोठे मासे उपाशी राहू शकतात. शेजारच्या काकूंनी प्रेमाने रिकामा केलेला डबा त्याहून घातक.

७. थंडी, मे महिना आणि वीज

डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा रात्री दहाच्या खाली जातो. हीटर २६ अंशांवर ठेवा. मे महिन्यात उलट त्रास: पाणी ३० च्या वर जातं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. फायटर वरून हवा घेऊन निभावतो, पण रासबोरा पृष्ठभागाशी तोंडं काढून धापा टाकतात. तेव्हा एअर पंप वाढवा, झाकणाऐवजी जाळी लावून वर पंखा सोडा. वीज गेल्यावरही तेच. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा. तो असला की गुरुवारच्या दुरुस्तीत वीज दिवसभर गेली तरी चालतं.

८. बेत फसला तर

काही फायटर कुणालाच सहन करत नाहीत, आणि हे आधी कळत नाही. म्हणून नवे मासे वेगळे ठेवायला घेतलेली ती १५ लिटरची टाकी मोडू नका. तिच्यासाठी जादा स्पंज मुख्य टाकीतच बुडवून ठेवा, म्हणजे त्यात जिवाणू तयार राहतात आणि गरज पडली तर त्याच दिवशी ती वापरता येते. फायटर हलवल्यावर तासा-दोन तासांत बाकीची टाकी शांत होते. त्याला छोटा हीटर आणि एखादं झाड दिलं की तो एकटा मजेत राहतो. दुकानदार मासे परत घेतो का, हे खरेदी करतानाच विचारून ठेवा. मुळा-मुठेत किंवा पाषाणच्या तलावात कुठलाही मासा सोडायचा नाही, झाडंही टाकायची नाहीत.