कच्च्या वाटेवर दोघं, दोन गाड्या आणि एक पंक्चर

कोल्हापुरातून मोटरसायकलने शनिवारी निघून रविवारी परतायचं, तर गारगोटी–कडगाव–पाटगाव हा पट्टा सोयीचा. बिद्री, मुदाळ तिट्टा करत गारगोटीपर्यंत साधारण ५० किलोमीटर डांबर. पुढे मुख्य रस्ता सोडला की पाणंदी, धनगरवाड्यांकडे चढणाऱ्या वाटा आणि जांभ्याचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं. मुक्काम पाटगावात आधी ठरवून ठेवा. सकाळी सहाला निघा. मिसळ खाऊन निघू म्हणणाऱ्यांचे नऊ वाजतात आणि मग सगळी कच्ची वाट उन्हात येते.

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हाच हंगाम. पावसाळ्यात ओला जांभा शेवाळाने साबणासारखा होतो आणि लाल माती टायरच्या खाचांत भरून बसते. नोव्हेंबरपासून उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. त्यांच्या चाकांनी ओल्या पाणंदीत पाडलेल्या चाकोऱ्या वाळल्या की दगडासारख्या होतात. चाकोरीत शिरलात तर तिच्यातूनच चालवा, नजर लांब ठेवा. मध्येच तिरकं बाहेर काढायला गेलात की पुढचं चाक आडवं होतं.

राधानगरी अभयारण्यातल्या वाटांवर गाडी घालू नका, तो विषय चर्चेचा नाही. मसाई पठारही आता संवर्धन राखीव आहे. सड्यावर फुलं नसली तरी आहे त्या वाटेवरूनच जा, कारण मातीचा थर बोटभर असतो आणि एका चाकाने खरवडला जातो. दिवस मावळायच्या आत मुक्कामी पोहोचा, गवे संध्याकाळी वाटेवर येतात.

कुठल्या पिशव्या घ्याव्या, कुठलं जॅकेट घ्यावं यावर हवं तेवढं वाचायला मिळतं. फेरी बिघडते ती मागच्या चाकाच्या ट्यूबपाशी. म्हणून उरलेला लेख त्यावरच.

आधी हवा. डांबरावरची हवा तशीच ठेवली तर दगडांवर गाडी उड्या मारते. कोणीतरी सांगतं, "१५ पीएसआयवर आण, मस्त पकड येते." हलक्या स्पर्धेच्या गाडीला ते ठीक, कारण तिच्या रिमला टायर धरून ठेवणारं रिमलॉक असतं. दीड-दोनशे किलोच्या आपल्या गाडीला रिमलॉकशिवाय ते करू नका. पुढे २० ते २२, मागे २२ ते २४ पीएसआय ठेवा. त्याखाली गेलात की दगडाच्या कडेवर आपटताच ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. दुसरा तोटा म्हणजे टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह बुडातून फाटतो. त्याला ठिगळ लागत नाही. व्हॉल्व्हचा नट रिमवर घट्ट आवळू नका, वर टोपीला भिडवून ठेवा. मग टायर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका दिसतो आणि वेळेत कळतं.

ट्यूब कुठली घ्यायची? एक्सपल्स २०० चं मागचं चाक १८ इंची, हिमालयन ४११ चं १७ इंची, पण पुढचं दोन्हींचं २१. मित्राची गाडी वेगळी असेल तर मागच्या ट्यूबा एकमेकांना लागत नाहीत. २१ ची ट्यूब मात्र अडचणीत मागच्या चाकातही भरता येते, गावापर्यंत सावकाश नेते. म्हणून दोघांत २१ च्या दोन ट्यूबा आणि ज्याची-त्याची मागची एकेक. सोबत तीन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), हातपंप, हवा मोजायचं मीटर, व्हॉल्व्ह पिन काढायची चावी, साबणपाण्याची छोटी बाटली, एक पोतं आणि मागच्या एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) नटाचा पाना. हा पाना घरीच नटाला लावून पाहा. गॅरेजवाल्याने नट हवेच्या गनने आवळलेला असतो, तो आखूड पान्याने जंगलात सुटत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाडसर पाइपचा हातभर तुकडा घेऊन ठेवा आणि पान्यावर चढवा.

पंक्चर झालं की सपाट जागा बघा आणि चाक जमिनीवर असतानाच एक्सलचा नट सैल करा. हिमालयन ४११ ला मेन स्टँड आहे. एक्सपल्सला नाही, तेव्हा साइड स्टँडवर गाडी टेकवून इंजिनाखालच्या पत्र्याखाली चपटे दगड रचा, पुढचा ब्रेक पट्ट्याने आवळून ठेवा आणि मित्राला हँडल धरायला लावा. चाक पुढे ढकलून चेन उतरवा, एक्सल ओढा. दोन्ही बाजूंचे स्पेसर (एक्सलवरच्या आखूड नळ्या) निघाले त्याच क्रमाने पोत्यावर मांडा. चाक बाहेर असताना मागच्या ब्रेकवर पाय पडू देऊ नका, ब्रेकचे पॅड मिटतात आणि डिस्क परत आत जात नाही.

आता खरी मारामारी: टायरची कड रिमपासून सोडवणं. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्या. लोक टायरवर उड्या मारतात, लिव्हर ठोकतात, रिम वाकवतात. दुसरी गाडी कशासाठी आणली आहे? चाक आडवं ठेवा, डिस्क वरच्या बाजूला. मित्राच्या गाडीच्या साइड स्टँडचा पाय टायरवर रिमच्या अगदी लगत टेकवा आणि ती गाडी हळूहळू त्यावर कलती करा. कड सुटल्याचा आवाज येतो. चाक थोडं फिरवून पुन्हा. मग चाक उलटवा, डिस्क दगडावर टेकू न देता दुसरी बाजूही सोडवा. एकच बाजू सोडवून भागेल असं वाटतं, पण भागत नाही.

कारण पुढचं सगळं रिमच्या मधल्या खोलगट भागावर अवलंबून आहे. टायरची कड ताणली जात नाही, तिच्यात तार असते. व्हॉल्व्हपाशी ती वर यायची तर समोरच्या टोकाला तिला खोलगटात उतरून जागा द्यावी लागते. म्हणून समोरच्या बाजूवर दोन्ही गुडघे रोवा, साबणपाणी लावा आणि व्हॉल्व्हपासून लिव्हर घालत दोन-दोन बोटं कड वर काढा. जोर लागतोय म्हणजे कड खोलगटात नाही. थांबा, गुडघे पुन्हा रोवा. इथे जोर वाढवणारा माणूसच लिव्हर वाकवतो. हे कळेपर्यंत मीही दरवेळी ताकदच वाढवत होतो.

एकच कड काढा, ट्यूब ओढून घ्या. नवी घालण्याआधी टायरच्या आतून हातमोजा घातलेला हात फिरवा. करवंदीचा, बाभळीचा काटा आत तसाच असेल तर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत जाते. नव्या ट्यूबेत गोल आकार येण्यापुरतीच हवा भरा. व्हॉल्व्ह आधी बसवा, नट दोन आटे फिरवा, मग बाकी ट्यूब पीळ न पडता आत सारा.

कड परत बसवताना सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. शेवटचा वीतभर भाग हट्टी असतो. तिथे लिव्हर खोल घालू नका आणि उभी झाली की पुढे ढकलू नका, तिचं टोक नव्या ट्यूबेला चावतं. पूर्ण हवा भरायच्या आधी व्हॉल्व्ह आत दाबून बघा. सहज दबला पाहिजे. अडला तर ट्यूब कडेखाली सापडली आहे.

हवा ३५ पीएसआयपर्यंत भरा आणि टायरच्या बाजूची गोल रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का पाहा. एका जागी आत बुडाली असेल तर हवा सोडा, तिथे साबणपाणी लावा, पुन्हा भरा. मग २४ वर आणा.

चाक बसवणं उलट क्रमाने. चेनचा ताण दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून ठेवा. गाडी सुरू करण्याआधी मागचा ब्रेक कडक लागेपर्यंत पायाने दाबत राहा, पहिले दोन-तीन दाब रिकामेच जातात. दोन किलोमीटरवर थांबून नट पुन्हा आवळा.

हे सगळं एकदा घरच्या अंगणात करून बघा, तास-दीड तास लागेल. फाटकी ट्यूब तिथेच टाकू नका, पिशवीत घाला. चिरा लहान असतील तर घरी घासून ठिगळ लावा, पाण्यात बुडवून बुडबुडे बघा आणि पुढच्या फेरीसाठी तीच राखीव ठेवा.