एका घरातून शेजारच्या घरात आवाज जाऊ नये यासाठी नियम कसे वाचावेत आणि काम कसे तपासावे

नियमावली उघडल्यावर प्रथम दोन आकडे शोधावेत. बोलण्याचा किंवा टीव्हीचा आवाज हवेतून येऊन भिंतीवर आदळतो, तर पावलांचा किंवा खुर्ची सरकवल्याचा आवाज थेट स्लॅबमध्ये उतरतो. म्हणून दोन्हींच्या मर्यादा वेगवेगळ्या दिलेल्या असतात. अमेरिकेत प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत पहिल्यासाठी एसटीसी आणि दुसऱ्यासाठी आयआयसी ही श्रेणी वापरतात; भिंत किंवा जमीन आवाज किती अडवते ते या श्रेणी सांगतात, आकडा मोठा तितके चांगले. प्रयोगशाळेत दोन्ही किमान 50 भराव्या लागतात, प्रत्यक्ष इमारतीत मोजल्यास 45 चालतात. इंग्लंडमध्ये नव्या इमारतीतील घरांसाठी हवेतील आवाजाची किमान मर्यादा 45 डेसिबल आहे, परंतु तिथे खर्जातल्या आवाजासाठीची दुरुस्ती धरलेली असल्याने हे दोन 45 एकमेकांशी ताडून पाहू नयेत. तिथली आघाताची, म्हणजे पावलांसारख्या आवाजाची, मर्यादा 62 डेसिबल आहे आणि ती कमाल आहे, म्हणजे आकडा जितका लहान तितके चांगले.

भिंतीचा एसटीसी 50 असला म्हणजे काम झाले असे मानणे धोक्याचे आहे. आवाज स्लॅबमधून, बाजूच्या भिंतींमधून आणि फॉल्स सीलिंगच्या वरूनही वळसा घालून पलीकडे पोहोचतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संहितेने 2015 च्या आवृत्तीत हा वळसाही हिशेबात धरणारी एएसटीसी 47 ही मर्यादा आणली, आणि माझ्या मते तीच दृष्टी सर्वत्र हवी.

भिंतीचे वजन दुप्पट केल्यास साधारण 5 ते 6 डेसिबलच मिळतात; त्यापेक्षा एकमेकींना न टेकणाऱ्या दोन हलक्या चौकटी, मध्ये रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी) आणि दोन्ही बाजूंना जिप्सम बोर्डचे दुहेरी थर ही रचना अधिक उपयोगी ठरते. बोर्ड लवचिक पट्ट्यांवर बसवला असेल तर स्क्रूची लांबी स्वतः पाहावी, कारण एखादा लांब स्क्रू पट्टी ओलांडून मागच्या चौकटीत रुतला की तिथून कंपन सरळ पलीकडे जाते. दोन्ही घरांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवू नयेत. भिंत स्लॅबपर्यंत नेऊन कडेची फट न कडकणाऱ्या सीलंटने भरावी.

जमिनीसाठी स्लॅबवर लवचिक थर अंथरून त्यावर काँक्रीटचा थर घालावा, मात्र कडेला तशीच पट्टी ठेवून तो भिंतीपासून सुटा राखावा; स्कर्टिंगही फरशीवर टेकवू नये. चाचणी एक-दोन घरे पूर्ण होताच करून घ्यावी, म्हणजे उरलेल्या घरांत दुरुस्ती करता येते.