जँगोतलं मेनी-टू-मेनी: या चुका टाळा

जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, विद्यार्थ्याच्या मॉडेलमध्ये (म्हणजे टेबलाच्या कोडमधल्या वर्णनात) एका ओळीत 'विषय' नावाचं मेनी-टू-मेनी फील्ड (एका विद्यार्थ्याचे अनेक विषय, एका विषयाचे अनेक विद्यार्थी) टाकलं की नवख्याला वाटतं, विद्यार्थ्याच्या रेकॉर्डमध्येच विषयांची यादी बसली. त्या टेबलात असा कॉलमच नसतो. जँगो मुकाट्याने मधलं तिसरं टेबल बनवतं आणि त्यात दोन्हीकडच्या आयडींच्या जोड्या ठेवतं. टीममध्ये नवं कुणी आलं की मी आधी डेटाबेस उघडून ते टेबल बघायला लावतो. तोंडं वाकडी करतात, करू देत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'अ‍ॅड'च्या जागी 'सेट'. एका शिकवणीच्या क्लासचं काम होतं. सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेल्या साध्या फाइलीत) दर ओळीला एक विद्यार्थी, एक विषय. आमच्यातल्या एका घाईखोराने लूपमध्ये ओळीगणिक 'सेट' मारलं. सेटचा अर्थ 'आता हीच यादी', त्यात नसलेलं सगळं काढून टाका. म्हणजे प्रत्येक ओळ आधीचा विषय पुसत गेली. फाइल विषयाच्या नावाने अकारविल्हे लावलेली, त्यामुळे इंग्रजी, गणित, मराठी, विज्ञान सगळं गेलं आणि पोरांकडे उरलं फक्त संस्कृत नाहीतर हिंदी. एरर नाही, वॉर्निंग नाही, स्क्रिप्टच्या शेवटी ठसक्यात 'डन'. गणिताच्या सरांनी हजेरी उघडली, पट रिकामा, तेव्हा कळलं. फाइल पुन्हा चढवून भागेना, कारण ऑफिसने हाताने केलेले बदल तिच्यात नव्हते. शेवटी रात्रीच्या बॅकअपमधून ते मधलं टेबल तेवढं उचलून आणलं. रविवार गेला.

तेव्हापासून माझा हात आपोआप 'अ‍ॅड'कडे जातो. जोडी आधीच असली तर ते दुसऱ्यांदा घालत नाही, मग भीती कसली? पूर्ण यादी हातात असेल तरच सेट. सगळ्या जोड्या एकदम पुसणारं 'क्लिअर' तर मी कोड तपासताना दिसलं की कारण विचारतो.

दुसरं जुनं दुखणं फॉर्मचं. 'कमिट=फॉल्स' (डेटाबेसात इतक्यात लिहू नको) देऊन सेव्ह करायचं, युजर चिकटवायचा, ऑब्जेक्ट सेव्ह करायचा आणि मेनी-टू-मेनीच्या जोड्या लिहिणारं 'सेव्ह_एमटूएम' विसरायचं. रेकॉर्ड दिसतं, टिक केलेले विषय गायब. मी 'कमिट=फॉल्स' टाइप केल्याबरोबर खाली 'सेव्ह_एमटूएम' लिहून टाकतो, मधल्या ओळी नंतर भरतो. याचंच भावंड अ‍ॅडमिनमध्ये सापडतं: 'सेव्ह_मॉडेल'मध्ये विषय जोडले की मागून फॉर्म येऊन स्वतःची यादी तुमच्या यादीवर चढवतो. ते काम 'सेव्ह_रिलेटेड'मध्ये, सुपरच्या कॉलनंतर करा.

मेनी-टू-मेनी फील्डवर 'नल=ट्रू'ने काहीही होत नाही. फॉर्ममध्ये ते रिकामं सोडता यावं म्हणून हवं असतं ते 'ब्लँक=ट्रू'. विषय जोडल्यावर 'पोस्ट_सेव्ह' सिग्नलची (रेकॉर्ड सेव्ह झाल्यावर जँगो देतं त्या सूचनेची) वाट बघत बसू नका, तिथे 'एमटूएम_चेंज्ड' लागतो. 'प्रीफेच' करून (जोडलेली रेकॉर्ड्स आधीच एकदम आणून) पुढे लूपमध्ये त्याच नात्यावर 'फिल्टर' लावलंत, तर दर फेरीला नवी क्वेरी.

एकाच क्वेरीत विषय आणि बॅच दोन्हींचा 'काउंट' घेतला, तर पाच विषय आणि तीन बॅचवाल्याचे दोन्ही आकडे पंधरा येतात, कारण जॉइनमध्ये (टेबलं एकमेकांना जोडताना) ओळींचा गुणाकार होतो. दोन्ही काउंटना 'डिस्टिंक्ट=ट्रू' द्या. फिल्टरमध्ये तोच विद्यार्थी दोनदा आला की लोक कोथिंबिरीसारखं 'डिस्टिंक्ट' भुरभुरतात, ते मला पटत नाही. आधी कुठल्या जॉइनने ओळी वाढल्या ते बघा.

राहिलं 'थ्रू', म्हणजे मधलं टेबल कुठल्या मॉडेलचं ते आपण सांगायचं. प्रवेशाची तारीख, फी, असं काहीही त्या जोडीवर लागेल अशी शंका आली तरी मधलं मॉडेल पहिल्या दिवशीच स्वतः लिहा. 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांना मायग्रेशन (मॉडेलमधला बदल डेटाबेसात उतरवणारी फाइल) दारातच अडवतं: असलेल्या फील्डला मागाहून 'थ्रू' लावता येत नाही. मग डेटाबेस आणि स्टेट (जँगोच्या हिशेबातली मॉडेलची रचना) वेगळे हाताळणारं मायग्रेशन हाताने लिहायचं आणि ते आधी स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, चालवून बघायचं. मॉडेल स्वतः लिहिलंत की युनिकची अटही (तीच जोडी दोनदा नको) स्वतः घाला. जँगोने बनवलेल्या टेबलात ती असते, तुमच्यात आपोआप येत नाही. आणि जँगो 2.2 पासून 'अ‍ॅड'ला 'थ्रू_डीफॉल्ट्स' (मधल्या मॉडेलच्या बाकी फील्डच्या किमती) देता येतात, तेव्हा तारखेसाठी वेगळा लूप फिरवायची गरज उरलेली नाही.